मराठीत नसतं

वहिनीला मी म्हणालो होतो, "मराठीत नसतं तसलं काही." ते खोटं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, बायकोला नाही, आणि वहिनीला तर नाहीच. चहा पिता पिता बोललेलं एक वाक्य. त्या वेळी वाटलं, बोललो आणि संपलं. संपलं नाही. दर वर्षी लग्नसराई आली की ते माझ्या शेजारी येऊन बसतं.

यंदाही आली आहे. ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या मागं मोकळं मैदान आहे, तिथं दिवसाआड मांडव पडतो. उन्हं कलली की हळदीचा बँड सुरू होतो. खिडकी उघडी ठेवावी तर बँड घरात, लावून घ्यावी तर जीव गुदमरतो. गेल्या रविवारी दुपारी मांडववाले बांबू उतरवत होते आणि मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला बसलो होतो. ऑफिसात हे काम आता कुणी हातानं करत नाही. एक आज्ञा दिली की मशिनांची रांगच्या रांग आपली आपण उभी राहते. घरी मात्र मी अजून जुन्या पद्धतीनं, एकेक पायरी चढत जातो. आणि मग ती यादी समोर येते.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्स बसवताना एका टप्प्यावर ते विचारतं, यातलं काय काय हवं? मग पॅकेजांची लांबच लांब यादी. लिहिण्याचं, छापण्याचं, चित्रं काढण्याचं, आकाशातले तारे दाखवण्याचं, बुद्धिबळाचं. प्रत्येक नावाआधी एक रिकामा चौकोन. स्पेसबार दाबला की त्यात खूण उमटते, पुन्हा दाबला की जाते. काही खुणा अशा असतात की एक केली की तिच्या मागून आणखी पाच पॅकेजं आत येतात, कारण तिचं त्यांच्यावाचून चालत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना या यादीत कमीत कमी खुणा करण्याची एक घमेंड असते. मशीन कसं सडसडीत हवं. बाकीचं काय, लागेल तेव्हा टाकू. नंतर कधीही टाकता येतं. हे 'नंतर कधीही' आमच्या तोंडी इतकं बसलेलं असतं की ते आम्ही घरीही वापरतो.

ते वाक्य बोललो ती लग्नसराई नेरूळची, बऱ्याच वर्षांपूर्वीची. सारसोळे गावाला लागून असलेल्या चाळवजा इमारतीत दादा-वहिनींचं घर होतं. दादा वाशीच्या फळबाजारात कामाला. आंब्याच्या दिवसांत तो पहाटेच बाहेर पडायचा आणि दुपारी परतायचा तेव्हा त्याच्या शर्टाला पेटीतलं गवत चिकटलेलं असायचं. घरात कॉटखाली डागी आंबे पसरलेले. त्या वासात खालून, जेट्टीकडून येणारा वाळत्या सुकटीचा वास मिसळायचा. बाहेरून आलेल्या माणसाला ते सहन झालं नसतं, आम्हाला त्याच्याशिवाय वैशाख वाटायचा नाही. या सगळ्याच्या मधे, खिडकीखालच्या टेबलावर वहिनीचा कीबोर्ड वाजत असायचा.

बारावीनंतर मी कोरेगावहून यांच्याकडे शिकायला आलो तेव्हा वहिनीच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी तिला 'तू' म्हणायचो. ती मला 'भाऊजी' आणि 'तुम्ही'. माझ्या चड्ड्या-बनियनही ती धुवायची आणि तरी 'तुम्ही' म्हणायची. आमच्याकडं तशीच रीत. तिनं माहेरी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, टाइपरायटरवर. बोटं अशी चालायची की ती गॅसवरच्या दुधाकडं बघत ओळ पूर्ण करायची. माझ्या कॉलेजच्या वर्षांपासून तिनं अर्ज टाइप केले, सोसायट्यांच्या नोटिसा टाइप केल्या, आणि लग्नसराईत पत्रिका. सारसोळ्यातल्या बायका मजकूर घेऊन यायच्या. मजकूर म्हणजे नावं. छापणारा दुसरा, पण नावं नीट बसवून द्यायची वहिनीनं.

तिथल्या एक मावशी मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. मुलीचं लग्न काढलं होतं. केसात अबोलीचा गजरा, मांडीवर मासळीच्या टोपलीसारखी धरलेली पर्स. खुर्ची दिली तरी त्या उंबऱ्यातच बसल्या.

"बाय, मामाचा नाव पयला दिसला पायजे. त्यो रुसला त नवरीला मांडवान कोन आनल?"

"घालते की. पण मावशी, पत्रिका आहे, मतदारयादी न्हवं. एवढी नावं घातली तर नवरा-नवरीला जागा राहायची नाही."

"नवरा-नवरीला सगली वलखतात. तू पावन्यांची घाल."

वहिनी हसून हसून टेबलाला टेकली होती. मी पलंगावर आडवा पडून ऐकत होतो. तेव्हा मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती, ऐरोलीत भाड्याचं घर घेतलं होतं, तरी सुटीच्या दिवशी पाय इकडंच वळायचे.

तिच्या डोळ्यांचं मला माहीत होतं. दादाच्या आधी मला कळलं होतं. साखर तिला होतीच, गोळ्या कधी घ्यायची, कधी राहायच्या. मग ती तांदूळ निवडायचं काम शेजारणीकडं द्यायला लागली. रिक्षाचा नंबर मला विचारायला लागली. पडद्यावरची अक्षरं तिनं एवढी मोठी केली होती की एका ओळीत चार-पाच शब्द मावायचे, आणि बाकीची ओळ कडेबाहेर. दादाचं म्हणणं, "चष्म्याचा नंबर वाढला असंल. बदल की." ती म्हणायची, "लग्नं होऊन जाऊंदेत."

नेमका त्या दिवसांत तिचा कंप्युटर बंद पडायला लागला. व्हायरसनं भरलेला होता, उघडायलाच अर्धा दिवस घ्यायचा. मी म्हणालो, लिनक्स टाकून देतो, पुन्हा बघावं लागणार नाही. मी टेबलाखाली वायरी सोडवत होतो. तिथं खाली मला तिचं बोलणं ऐकू आलं, मी वर बघितलं नाही.

"भाऊजी, एक विचारू का? पडद्यावर काय लिहिलंय ते बोलून दाखवणारं काही असतं का हो? म्हणजे मी टाइप केलं की ते मला ऐकवंल."

"बघतो," मी म्हणालो.

बघायचं काही नव्हतं. असतं हे मला ठाऊक होतं. ऑफिसात एकदा कुतूहलापोटी मी ते चालवून पाहिलं होतं. मराठीसुद्धा वाचायचं. आवाज अगदीच कोरडा, नाकातून आल्यासारखा, जोडाक्षरांवर अडखळणारा. पण नावं कळायची. 'मामा' म्हटलं तर मामा ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी ती यादी आली. वहिनी स्वयंपाकघरात कैऱ्या किसत होती. त्या पॅकेजाच्या ओळीवर मी आलो, खूण केली. तिच्यामागून तिला लागणारी बाकीची आली. मी थांबलो. मग पुन्हा स्पेसबार दाबला आणि चौकोन रिकामा केला. डिस्कवर जागा नव्हती असं नाही. बुद्धिबळ मी टाकलं होतं. स्वतःला खेळायला, इथं आलो की.

का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. दरवेळी एक नवं कारण सापडलं आणि दरवेळी ते आधीच्यापेक्षा थोडं घाणेरडं निघालं. पहिलं कारण, दमणूक. ते नुसतं टाकून भागणार नव्हतं. कुठली बटणं एकत्र दाबली की ओळ वाचतं, कुठली दाबली की गप्प बसतं, हे सगळं तिला शिकवायला लागलं असतं. शेजारी बसून, महिनोन्महिने. माझ्या शिफ्टा चालू होत्या. दुसरं कारण, ती खूण केली असती तर तिचे डोळे चालले आहेत हे घरात बोलावं लागलं असतं, आणि ते दादाला सांगणारा मी ठरलो असतो. ही दोन कारणं मी बरीच वर्षं पुढं करत आलो. ती खरी आहेतच. पण त्यांच्याखाली तिसरं आहे. मला तिच्या उपकारांचा कंटाळा आला होता. तिच्या हातचं खाऊन शिकलो, तिनं टाइप केलेल्या अर्जांवर नोकरीला लागलो, आणि कुणीही कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. न बोललेलं ओझं जास्त असतं. वाटलं, लिनक्स टाकून दिलं, झालं. यापुढचं माझ्यानं होणार नाही. माणूस इतका कोता असू शकतो हे मला माझ्यावरून कळलं.

काम संपल्यावर ती चहा घेऊन आली. कीबोर्ड तिच्या टाइपरायटरच्या पद्धतीनं बसवून दिला होता. तिनं दोन ओळी टाइप केल्या, बोटांना ओळख पटली तशी खूश झाली. मग विचारलं.

"आणि ते बोलणारं?"

"मराठीत नसतं तसलं काही. इंग्रजीत असतं."

"असं होय." तिनं बशी माझ्याकडं सरकवली. "असू दे. तुम्ही कुठं कुठं बघणार."

मावशींच्या मुलीची पत्रिका त्याच मशीनवर झाली. आजोबांच्या नावांची ओळ पुन्हा बसवताना वहिनीच्या हातून मामाची ओळ पुसली गेली. मोठ्या केलेल्या अक्षरांत ती कडेबाहेर गेली होती, पुसली तरी तिला दिसणार कशी? पत्रिका छापून आल्या, वाटायला सुरुवात झाली, आणि एका संध्याकाळी मावशी आल्या. मी तिथंच होतो. आंब्याची साल सोलत होतो. त्या भांडायला आल्या नव्हत्या. नुसती पत्रिका पुढं धरली.

"बाय, माज्या भावाचा नाव कुठं हाय?"

वहिनीनं पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणखी जवळ नेली.

"सगल्यांचा हाय. मामाचाच नाय. त्यानी फोन ठेवून दिला माजा. तुला वाचता येत नाय का गो?"

"वाचता येतं, मावशी," वहिनी म्हणाली. "दिसत नाही."

घरात ते वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. दादा मोरीत पाय धूत होता, तो तसाच दारात येऊन उभा राहिला. पाणी फरशीवर ठिबकत होतं. मावशी खाली बसल्या, उंबऱ्यात नाही, आत येऊन, तिच्या खुर्चीजवळ.

"मंग सांगाचा नाय का आगोदर? मी बसली असती तुज्याजवल. येकेक नाव सांगितला असता."

मी मान खाली घालून साल काढत राहिलो. त्या क्षणी तोंड उघडायला जागा होती. 'थांब वहिनी, एक असतं, मी टाकून देतो,' इतकंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं तर आधीचं मागं घ्यावं लागणार होतं, आणि मावशींच्या, दादाच्या देखत ते माझ्यानं झालं नाही. पुढं एकांतातही झालं नाही. खोटं असं अडकवतं. पॅकेज कधीही टाकता येतं. पण ते मराठीत नसतं असं एकदा सांगून बसल्यावर कुठल्या तोंडानं टाकणार? मावशींनी भावाची समजूत घातली, उरलेल्या पत्रिकांवर पेनानं त्याचं नाव लिहिलं आणि लग्न पार पडलं. वहिनीला त्या हळदीला घेऊन गेल्या, हाताला धरून. वहिनीनं मात्र कंप्युटरवर फुलाफुलांचं कापड घातलं, ते पुन्हा काढलं नाही.

डॉक्टर झाले, लेझर झालं, डोळ्यांतली इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आधी यायला हवं होतं. दादानं त्याचा दोष स्वतःला लावून घेतला आणि मी त्याला लावून घेऊ दिला. आता वहिनीला उजेड कळतो, खिडकी कुठं आहे ते कळतं. ती स्वयंपाक करते, भांड्यांच्या आवाजावरून. रडताना मी तिला पाहिलेलं नाही. पण टीव्हीसमोर बसलेली असताना तिची बोटं मांडीवर हलत असतात. बातम्या टाइप करत असते. पूर्वी तिच्या टेबलाशी गावातल्या बायका यायच्या, कुणाचं कुठं जमलं, कुणाचं मोडलं, सगळं तिला आधी कळायचं. त्या यायच्या बंद झाल्या. काम गेलं त्यापेक्षा हे जास्त गेलं, असं मला वाटतं. तिनं तसं बोलून दाखवलेलं नाही.

मधल्या काळात तिच्या मुलीनं, अश्विनीनं, तिच्या फोनमध्ये बोलणारा आवाज चालू करून दिला. आता फोन मराठी वाचतो, चांगलं वाचतो. पहिल्यांदा तो बोलला तेव्हा मी समोर होतो. वहिनीनं फोन कानाशी धरला, पुन्हा पुन्हा तेच ऐकलं.

"हे आता निघालंय का गं?"

"आता सगळं निघालंय, आई."

मी बसलो होतो त्या बाजूला वहिनी वळली. "भाऊजी, तवा नव्हतं न्हवं का हे?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"तेच म्हणते. असतं तर मी काम सोडलं नसतं. पण नव्हतंच, त्याला कोण काय करणार." आणि ती समाधानानं हसली. त्या हसण्यानं मला बांधून टाकलं. आता खरं सांगायचं म्हणजे नुसती माझी चूक सांगायची नाही. 'कोण काय करणार' म्हणून तिनं ज्याच्यावर पाठ टेकली आहे, ते काढून घ्यायचं.

यंदाची लग्नसराई अश्विनीची आहे. पत्रिकेचा मजकूर वाशीच्या एका दुकानानं बसवला आणि चित्र करून फोनवर पाठवला. वेलबुट्टीतली अक्षरं फोनच्या आवाजाला वाचता येईनात, तो नुसतं "चित्र, चित्र" म्हणायला लागला. दादाचा चष्मा सापडेना. म्हणून मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही वाचा बरं. सावकाश वाचा. तुम्ही नावं गिळता."

मी गॅलरीत तिच्याशेजारी बसून वाचलं. ती मान कलती करून ऐकत होती, बोटं मांडीवर. कुलस्वामिनी झाली, आजी-आजोबा झाले, मग मामांची ओळ आली.

"थांबा. काय वाचलंत?"

"कै. आबासाहेब..."

"आबामामांना कैलासवासी कुणी केलं? परवा तर फोन करून विचारत होते, जेवणात श्रीखंड हाय का बासुंदी."

मी पुन्हा बघितलं. खरंच 'कै.' छापलं होतं. ती पत्रिका दादानं पाहिली होती, अश्विनीनं पाहिली होती, व्याह्यांनी पाहून होकार कळवला होता. मी स्वतः वाचत होतो आणि मला कळलं नव्हतं. वहिनी इतकी हसली की खालच्या मजल्यावरून कुणी तरी वर बघितलं. "बरं झालं ऐकलं. नायतर मामा मांडवात येऊन म्हणाले असते, माझा फोटो कुठाय, हार घालायला." हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि म्हणाली, "पुढं वाचा. ऐकलं की दिसतंच हो मला सगळं."

मी पुढं वाचलं. खाडीवरून खारट वारा येत होता. माझा आवाज कोरडा पडला होता, नाकातून आल्यासारखा. जोडाक्षरांवर अडखळत होतो. त्या यंत्रानं याहून वाईट वाचलं नसतं. आणि ते रोज वाचत राहिलं असतं, दमलं नसतं, माझ्यासारखं.

रविवारी मी लॅपटॉपवरच्या त्या यादीत पुन्हा त्या ओळीपाशी आलो. आता माझेही डोळे तसे राहिले नाहीत, अक्षरं मोठी करून वाचतो, रक्तातली साखर मलाही निघाली आहे. चौकोनात खूण केली आणि ठेवली. त्यानं काही फिटत नाही, हे कळतं मला. स्वतःपुरतं केलेलं ते.

वहिनी आता फोनवर मासिकंसुद्धा ऐकते. हे छापून आलं तर तो आवाज तिला हेही वाचून दाखवील, आणि मी कोण हे तिला पहिल्या ओळीतच कळेल. तसं होता कामा नये. मराठीत होतं, तेव्हाही होतं, आणि मी ते जाणूनबुजून टाकलं नाही, हे तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.